सरांच्या घरचा चटणीचा डबा

सोलापूरची असून मी शेंगाचटणी खात नाही, याचं ऑफिसात सगळ्यांना नवल वाटतं. आज शेजारच्या टेबलावर कुणीतरी पाकीट फोडलं. तो तेलकट, लसणाचा वास नाकात शिरला आणि मला अकरावीतलं सरांचं घर आठवलं.

चाचणीनंतर सरांनी मला गणिताच्या वरच्या बॅचमधून काढलं होतं. तिथं परत घ्या म्हणून सरांना विनवायचं की गणितच सोडून द्यायचं, हे आता ठरवायचं होतं. अप्पांनी आईला चटणी कुटायला लावली आणि डबा घेऊन मला सरांकडे नेलं.

सरांनी डबा आमच्यासमोरच उघडला. चिमटीनं चटणी तोंडात टाकत, बोटं चाटत ते माझा चाचणीचा पेपर उलटू लागले. माझ्या आकड्यांवर लाल तेलाचे डाग पसरत गेले.

"शेवटचं अवघड गणित हिनं बरोबर सोडवलंय की," ते म्हणाले. "बसू दे वरच्या बॅचला."

पेपर इतके दिवस त्यांच्याकडेच होता. चटणी आल्यावर त्यांनी तो वाचला.

"लई उपकार झाले, सर," अप्पांनी हात जोडले.

"मी न्हाय बसणार," मी म्हणाले.

वाटेत अप्पा एवढंच बोलले, "गणित इतकं जड जात हुतं, तर आधी सांगायचं की."

सरांना चांगली अद्दल घडवली, असं तेव्हा वाटलं होतं. पण त्यांचं काय गेलं? आईचा डबासुद्धा त्यांनी परत केला नाही. गणित तेवढं माझं गेलं.