साडूंची दोन खणांची पेटी

एखादी वस्तू पसंत करायला माणूस किती वेळ लावू शकतो, याची शेवटची हद्द आमच्या साडूंनी गाठलेली आहे. तिच्यापलीकडे जिवंतपणी कुणी जाईल असं मला वाटत नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे आक्का, आणि आक्कांचे हे यजमान. कुरुंदवाडजवळच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले आणि कोल्हापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. त्या दिवसापासून माझी निवृत्ती संपली. साधी चप्पल घ्यायची तर हा मनुष्य सहा जोड घालून बघतो, सातवा मागतो, आणि ‘जरा चालून येतो’ म्हणत तो घालून चौकापर्यंत फिरून येतो. तोवर मी दुकानात ओलीस बसलेला असतो. एका वर्षी छत्री पसंत करता करता त्यांनी अख्खा पावसाळा माझ्या छत्रीत काढला आणि दिवाळीच्या तोंडावर म्हणाले, “आता कशाला घ्यायची? पुढच्या साली नवा माल येतोयच की.” असा माणूस कॉम्प्युटरची पेटी घ्यायला निघाल्यावर काय होईल हे आक्कांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला कळायला दोन वर्षं लागली.

आता त्यांना पेटी कशासाठी हवी होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी उगीच टिंगल करतोय असं वाटेल. शाळेतली पोरं चित्रं काढतात, मार्क मिळाले की विसरून जातात. ती चित्रं वर्षाच्या शेवटी रद्दीत जायची. साडूंना ते बघवायचं नाही. त्यांनी सगळी चित्रं घरी आणून ट्रंकांत भरली आणि पुढे सुट्टीसुट्टीत बसून एकेक स्कॅन करून कॉम्प्युटरात घातली. सहा हजारांच्या वर चित्रं. मग महापुराचं पाणी त्यांच्या कुरुंदवाडच्या घरात शिरलं. आक्कांनी आधी शेगडी वर नेली, मग कॉम्प्युटर नेला. ट्रंका खालीच राहिल्या आणि पाच दिवस पाण्यात होत्या. उघडल्या तेव्हा आत नुसता रंगीत लगदा होता. म्हणजे तीस वर्षांतल्या पोरांची जी काही चित्रं या जगात उरली होती, ती त्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरात, आणि तो कॉम्प्युटर चालू केला की दळण टाकल्यासारखा घरघरायचा. ती घरघर ऐकली की साडूंचा चेहरा उतरायचा. त्या चेहऱ्याची टिंगल करायची माझी कधी छाती झाली नाही.

त्यांच्या कुणा विद्यार्थ्याने फोनवर उपाय सांगितला. घरातल्या इंटरनेटला जोडायची एक पेटी मिळते. तिच्यात दोन खण, प्रत्येक खणात एक डिस्क. एकीत जे ठेवावं ते आपोआप दुसरीतही उमटतं, म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरी शाबूत. आणि पेटीतलं सगळं घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाईलवर बघता येतं. ऐकून मी म्हणालो, “झालं मग. उद्या जाऊन घेऊन येऊ.” साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू मी न बघता न विचारता पोरगी द्यायला निघालोय. “पावणं,” ते म्हणाले, “चित्रं ठेवायची हायत तिच्यात. बटाटं न्हाय.”

आणि मग दोन वर्षं पेटी बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बरोबर मी, कारण मी वीज कार्यालयातून निवृत्त झालेलो. मी तिथं आस्थापना विभागात होतो, लोकांच्या रजा मंजूर करायचो, आयुष्यात वायरला हात लावलेला नाही, हे त्यांना शंभरदा सांगून झालं. पण दुकानात शिरल्या शिरल्या ते माझी ओळख करून द्यायचे, “हे पावणं विजेतलं हायत,” आणि दुकानदार जे काही बोलायचा ते माझ्याकडे बघून बोलायचा. मी मान हलवायचो. दुसरं काय करणार? साडू एकेका पेटीवर हात ठेवून ती तापते का बघायचे, कान लावून आवाज ऐकायचे, उचलून वजन बघायचे. एका दुकानात त्यांनी विचारलं, “हिच्यात पाणी शिरलं तर?” दुकानदार बिचारा शांतपणे म्हणाला, “सर, ही पाण्यात ठेवायची नसतीया.” त्यावर साडू म्हणाले, “आमी कुठं ठेवतोय? पाणीच येतंय की.” दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

नुसती दुकानं करून भागलं नाही. पेटी नांदवलेली माणसं शोधून काढून त्यांच्याकडेही आम्ही गेलो. कागलला एका फोटो स्टुडिओवाल्याकडे अशी पेटी आहे असं कळलं, तर हायवेने कागल. तिथं साडू दोन तास त्या पेटीसमोर स्टुलावर बसून होते. स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला आलेल्या एका बाईंनी हे इथं कशाला बसलेत म्हणून विचारलं, तर स्टुडिओवाला म्हणाला, “स्थळ बघायला आल्यात.” मग पन्हाळ्याच्या एका लॉजवाल्याकडची चार खणांची पेटी बघून झाली. ती पसंत पडली. पण परतताना वाघबिळाच्या उतारावर त्यांना शंका आली, की चार खण घेतले तर उरलेले दोन रिकामे राहणार, आणि रिकामं घर चांगलं नव्हे. घरी भिंतीवर ड्रॉइंगच्या कागदाचा तक्ता लावलेला. डाव्या बाजूला पेट्यांची नावं, वर आवाज, ताप, रंग, दुकानदाराचा स्वभाव असे रकाने. रकाने इतके सुरेख आखलेले, की पुढे जागा संपल्यावर नवा कागद जोडण्याऐवजी त्यांनी सगळा तक्ताच पुन्हा काढला. आक्का चहा आणून ठेवताना म्हणायच्या, “माझं लगीन दोन बैठकीत ठरलंतं. ह्या पेटीचं दोन वर्सं झाली, ठरंना.” साडू तक्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, “तवा घाई झाली.”

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. पडदा काळा आणि आत नुसती टकटक. अर्ध्या तासाने तो आपणहून सुरू झाला. पण त्या अर्ध्या तासात साडू जे घामाघूम झाले, ते तसेच बाहेर पडून माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. दहा मिनिटांत पेटी घेतली. कुठली? तर दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी, पहिल्या दुकानात, पहिल्यांदा दाखवलेली. मी तेव्हा बोललो असतो तर मोटारसायकलवरून पडलो असतो, इतका मला संताप आला होता.

पेटी आली, दोन डिस्का बसल्या, चित्रं तिच्यात गेली, निळा दिवा लागला. साडू खुशीत. दोन आठवड्यांनी खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, गाडी, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू वाहतात. साडूंच्या घरी त्यांचे ब्रश आणि रंगाच्या थाळ्याही पाटावर असतात. यंदा मधोमध पेटी. आम्ही उभयता दर्शनाला गेलो तर पेटी चालूच, वायरी पाटावरून मागे गेलेल्या. मी म्हणालो, “सर, बंद तरी करा.” तर म्हणाले, “झोपलेल्या देवाला कोण निवद दावतंय व्हय?” चित्रकलेचा माणूस, त्यांनी ओल्या कुंकवाने पेटीवर बोटाने असं झकास कमळ काढलं, की माझ्या बायकोने फोटो घेतला. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. पेटीला मागे पंखा असतो आणि तो हवा आत ओढतो, हे दोन वर्षांच्या अभ्यासात कुठल्याच रकान्यात आलेलं नव्हतं. वाहिलेलं सगळं पेटी भक्तिभावाने आत घेत होती. शेवटी साडूंनी शेजारी दगडावर नारळ फोडला. तो पाणीदार निघाला. थोडं पाणी पाटावर, बाकी पेटीवर.

“दिवा तांबडा झाला,” माझी बायको म्हणाली.

“कुंकवानं तसा दिसतोय,” साडू म्हणाले, आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने तो पुसला. दिवा तांबडाच राहिला. मग तो विझला.

मी म्हणालो, “असू दे. कॉम्प्युटरात हायतच की चित्रं.” साडू धोतराचा सोगा पिळत राहिले. आक्कांनी दोनदा विचारल्यावर म्हणाले, “तिथनं काढली मी. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवली की घोटाळा हुतोय.” तीस वर्षं पोरांना हेच शिकवलेलं, वस्तू जागच्या जागी ठेवा म्हणून. पेटीत जागा झाली तशी कॉम्प्युटरातली जागा त्यांनी झाडून पुसून रिकामी केली होती. आक्कांनी पदराने पेटी टिपायला घेतली.

शाहूपुरीत डिस्का दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, तिच्याकडे पेटी नेली. तिने पेटी उघडली, वास घेतला आणि विचारलं, “ह्याच्यात नारळ कुणी फोडला?” साडूंनी हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा. तिने दोन्ही डिस्का बाजूला घेतल्या, एकीची आशा नाही म्हणाली, दुसरीचं आठ दिवसांनी सांगेन म्हणाली. त्या आठ दिवसांत मी रोज साडूंकडे जात होतो. तक्ता भिंतीवरून उतरलेला. ते जमिनीवर बसून दोनशे पानी वहीत लिहीत असायचे. मी वाकून बघितलं, तर चित्रांची यादी, आठवेल तशी. ‘सहावी ब. बैल, पाच पाय. विचारलं तर म्हणाला, एक पाय चालताना हललेला आहे.’ ‘सातवी अ. आईचा हात, बांगड्यांसकट. आई काढायला कागद पुरला नाही.’ ‘पाचवी. काळा कागद. शीर्षक: लाईट गेली.’ चारशेच्या वर झाली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पावणं, पोरांनी माझ्याकडं ठेवायला दिलंतं हो.” तसं कुणीच काही दिलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी उठलो आणि आक्कांकडे पाणी मागितलं.

नवव्या दिवशी मुलीचा फोन आला. दुसऱ्या डिस्कवरचं सगळं निघालं होतं, एकही चित्र गेलं नव्हतं. साडूंनी तिच्या दुकानात डोळे पुसले आणि मी रस्त्यावरच्या रहदारीकडे बघत बसलो. ती मुलगी वयाने त्यांच्या नातीएवढी, पण तिने त्यांना उभं करून झापलं. “सर, एकाच पेटीत दोन डिस्का म्हंजे एकाच घरात दोन माणसं. घर बुडलं की दोघंबी बुडत्यात. एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायला पायजे.” आता एक प्रत साडूंकडच्या नव्या पेटीत आणि एक आमच्या कपाटात असते, माझ्या बायकोच्या शालूंच्या खाली, आणि तिची पूजा करायची नाही अशी बायकोला ताकीद आहे. पण साडूंनी त्या मुलीचं बोलणं आणखी पुढे नेलं. दुसरं घर म्हणजे आमचंच कशाला, ज्याचं चित्र त्याच्या घरात का नको, असं त्यांनी ठरवलं. चित्रं छापून घेतली, आता बापे आणि बाया झालेल्या त्या पोरांचे पत्ते शोधायला लागले आणि मी पुन्हा मोटारसायकल काढली.

गेल्या महिन्यात कुरुंदवाडच्या पलीकडे एका दूधवाल्याच्या घरी गेलो होतो. चाळिशीचा गडी, नुकताच धारा काढून आलेला. साडूंनी पाकिटातून त्याचं पाचवीतलं चित्र काढून दिलं. एक घर, आणि घराशेजारी घराच्या दुप्पट उंचीचा एक माणूस, कौलांच्या वर डोकं, मिशी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. कोपऱ्यात तांबड्या शाईत साडूंचं वळणदार अक्षर: ‘माणूस घरापेक्षा मोठा कसा? प्रमाण चुकले. दहापैकी चार.’ गड्याने हात पुसून चित्र उजेडाकडे धरलं. मग म्हणाला, “आमचं आण्णा हायत हे. घरात त्यांचा एकबी फोटो न्हाय, सर. एक हुता त्यो पुरात गेला.” त्याने आईला हाक मारली. म्हातारी बाहेर आली, तिने चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि मिशीवरून बोट फिरवत म्हणाली, “त्येच की.”

साडूंनी चित्र परत मागितलं. घरी जाऊन कॉम्प्युटरवर ती तांबडी ओळ पुसून नवी प्रत आणून देतो म्हणाले. तो गडी देईना. “राहू द्या सर, तुमचं अक्षर हाय त्यावर.” आम्ही चहा घेऊन निघालो तोवर आतल्या भिंतीवर, त्याच्या आजा-पणजाच्या फोटोंच्या रांगेत, ते चित्र लागलंही होतं आणि म्हातारी त्याला घालायला हार ओवत होती.

आता साडू रोज सकाळी पेटीतली चित्रं एकेक करून उघडतात आणि ‘प्रमाण चुकले’ असं जिथं लिहिलंय, तेवढी वेगळी काढतात. पुष्कळ निघतायत. आधी त्या पोरांच्या घरी जायचं म्हणतात.