नगराध्यक्ष पुयकोवचा चाळिसावा दिवस

नेदेल्का त्सोनेवाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका टर्की कोंबड्याशी भांडत होती. कोंबडा खरा नव्हता, पारदर्शक तावावर काढलेला होता. छाती काढून उभा राहतोस, पण ती भरायला माझ्याकडे तपकिरी रंग किती उरलाय ते विचारलंस का, असं ती त्याला ऐकवत होती. मी नुकतीच कामावर लागले होते, हातात बादली होती, आणि मला वाटलं, या बाईशी आपलं जमेल.

आमचा कार्टूनचा स्टुडिओ गाब्रोवोत, नदीकाठच्या जुन्या चामड्याच्या कारखान्यात होता. पावसाळी हवा असली की भिंतींना अजून चामड्याचा वास यायचा. वर माडीवर चित्रं काढणारे पुरुष बसत आणि खाली रंग भरणाऱ्या नऊ बायका. तावाच्या पुढच्या बाजूला काळी रेघ आणि मागच्या बाजूने रंग. सगळ्यांच्या हातात पांढरे सुती मोजे, कारण बोटाचा एक ठसा पडला तर पडद्यावर तो दाराएवढा दिसतो. एका सेकंदाला बारा ताव लागत. चित्रीकरण झालं की ते ताव माझ्या टबात येत. साबणाच्या कोमट पाण्यात रंग सुटायचा, रेघ मी खरवडून काढायची, आणि स्वच्छ झालेला ताव परत वर जायचा. ताव सहजी मिळत नसत आणि आमच्या गावाला काही टाकून द्यायची सवय नाही. मी चार यत्ता शिकलेली. पुसण्याच्या कामाला तेवढ्या पुरतात.

नेदेल्काला सगळे नेदा म्हणत, ती रंगांची मुख्य होती. डोंगरापलीकडच्या खेड्यातून ती सोळाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत आली आणि तिथे वीस वर्षं रंगाच्या कढईपाशी उभी राहिली. एकदा मे महिन्याच्या मिरवणुकीसाठी झेंडे रंगवायचे होते आणि आलेला लाल रंग कच्चा होता. मुकादम म्हणाला, चालव. नेदा म्हणाली, पाणी लागलं की उतरेल. तिने तिच्या वाटचे झेंडे दोनदा उकळले आणि दोन दिवस उशिरा दिले, म्हणून तिला नोटीस मिळाली. मिरवणुकीत पाऊस आला. अर्ध्या गावाचे शर्ट गुलाबी झाले, फक्त तिच्या झेंड्यांखालचे लोक पांढरे राहिले. ती नोटीस काही कोणी परत घेतली नाही, आणि तिनेही मागितली नाही.

आता त्या कोंबड्याबद्दल. त्याचं नाव नगराध्यक्ष पुयकोव. दर शनिवारी बातम्या संपल्या की टीव्हीवर सहा मिनिटं त्याची मालिका लागायची. प्रत्येक भागात तो कशाचं तरी उद्घाटन करी. पूल बांधला, पण नदी पलीकडच्या गावात. स्टेशन बांधलं, पण गाडी थांबत नाही. गळ्याखालची लाल लोळी हलवत तो भाषण करी आणि गावातली मांजरं टाळ्या वाजवत. सगळी मांजरं बिनशेपटीची. दार लवकर मिटून ऊब वाचावी म्हणून गाब्रोवोत मांजरांच्या शेपट्या कापतात अशी जुनी थट्टा आहे, तेव्हा लोक म्हणाले, वा, काय टोमणा आहे. खरं कारण असं की आमचे दिग्दर्शक लाचेझार यांनी हिशेब सांगितला होता, एका मांजराला शेपूट म्हणजे सेकंदाला बारा शेपट्या. म्हणून मांजरं तशीच राहिली.

दहावा भाग करताना आमच्याकडे सगळे रंग संपत आले होते. काळा तेवढा भरपूर होता, कारण कुठल्याशा गोदामाने चुकून काळ्याची तीन मोठी पिंपं पाठवली होती. ती परत पाठवायचं कोणाच्या मनात आलं नाही. गाब्रोवोत कोणाच्याच आलं नसतं. लाचेझार डोकं धरून बसले होते. नेदा कॉफीचा कप धुता धुता म्हणाली, "काळा एवढा पडलाय, तर पुयकोवकडून विजेचं उद्घाटन करवा आणि दिवे घालवा. नुसते डोळे दाखवायचे. भाषण अंधारात चालू राहू दे."

लाचेझार आधी हसले, मग उठून वर गेले. तसंच झालं. पुयकोव चोच उघडतो, फीत कापतो, दिवे जातात, आणि पुढची अडीच मिनिटं पडदा काळा. त्यात त्याचे दोन डोळे आणि मांजरांचे चाळीस, आणि भाषण चालूच. अधूनमधून टाळ्या. चौदाशे ताव वाचले. त्या हिवाळ्यात आमच्याकडे खरोखरच पाळीपाळीने वीज जात होती. आम्हाला ते कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण आधी डोक्यात काटकसर आली, बाकीचं मागून आलं.

राजधानीतून, सोफियाहून, मंजुरी देणारे तिघे जण भाग बघायला आले. मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अंधार झाला तेव्हा त्यांतला एक जण हसला. मग त्याला दुसरा हसत नाही हे अंधारातही कळलं असावं, कारण त्याचं हसू मध्येच तुटलं. दिवे लागले. कोणी चहा घेतला नाही.

दोन दिवसांनी आमचे संचालक गेंचेव यांनी नेदाला बोलावलं. मी त्यांच्या खिडक्या पुसत होते, त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. खिडकी पुसणारी बाई कोणाला दिसत नाही. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की दहाव्या भागातला अंधार हा रंगविभागाच्या चुकीमुळे आला. रंग बिघडलेला होता, मुख्य रंगारीण त्सोनेवा यांनी हयगय केली. तिने सही केली की भाग दोषी ठरेल, मालिका नाही. अकरावा भाग नवीन रंगारणीकडून होईल. सही केली नाही तर पुयकोव बंद, आणि सगळे ताव धुवायला.

गेंचेव वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, तिच्या निवृत्तीला किती वर्षं राहिलीत ते विचारलं. सहा, ती म्हणाली. तो म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

लाचेझारही तिथेच होते. ते तिच्याकडे न बघता बोलत होते. मालिका त्यांची, नऊ भाग त्यांनी जिवापाड केलेले, घरी दोन मुली. एका बाईच्या सहीने सगळं वाचतंय, असा त्यांचा सूर होता. "नेदा, तुझं नाव कोणाला माहीत आहे?" ते म्हणाले. "पडद्यावरसुद्धा येत नाही. कोण वाचणार आहे हा कागद?"

नेदाने कागद उचलला, खिडकीशी आणून उजेडात धरला. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "तो काळा मी तीन दिवस घोटलाय. कुठे ब्रशची खूण नाही, कुठे बुडबुडा नाही. अडीच मिनिटांत एक ठिपका दाखवा, मी चार सह्या करते."

"ठिपक्याचा प्रश्न नाही," गेंचेव म्हणाला.

"माझा आहे. अंधार माझ्या चुकीने पडला असं मी लिहून देणार नाही, कॉम्रेड. अंधार मी मुद्दाम रंगवलाय."

तिने कागद परत ठेवला, खुर्ची आत सरकवली आणि खाली येऊन मोजे चढवले. त्या दिवशी लाचेझार तिच्याशी बोलले नाहीत. पुढे कधीच बोलले नाहीत. त्यांचं मी समजू शकते, पण विसरले नाही.

शनिवारी बातम्यांनंतर पुयकोवच्या जागी मधमाश्यांवरचा माहितीपट लागला. सोमवारी माझ्या टबाशेजारी दहाव्या भागाचे ताव रचून ठेवले होते, माझ्या कमरेइतके उंच. फिल्म सोफियाला गेली, ती पुन्हा कोणी पाहिली नाही.

मी धुवायला लागले. धुणं हेच माझं काम होतं, त्यात मी शूरपणा केला असं काही नाही. पण त्या ढिगात तो सेकंद आला, पुयकोव भाषणासाठी चोच उघडतो तो. पहिल्या तावावर चोच मिटलेली, बाराव्यावर सताड उघडी, आत जीभही दिसते. ते बारा ताव मी एप्रनखाली घातले आणि नेदाच्या घरी नेऊन दिले. तिने दाराला कडी लावली आणि मला भाजलेली भोपळी मिरची वाढली.

चाळिसावा दिवस बुधवारी आला. घरातलं माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर लावायचा, आणि चाळिसाव्याला पुन्हा लावायचा, हे तर कोणालाही चुकत नाही. नेदाने बारा कागद केले होते. काळी चौकट, मध्ये पुयकोवचा एकेक ताव, खाली तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: आमचे लाडके नगराध्यक्ष पुयकोव यांना जाऊन चाळीस दिवस झाले. वय नऊ भाग. दहाव्यात अंधारात गेले. शोकाकुल, नेदेल्का त्सोनेवा, रंगारीण.

"नाव कशाला घातलंस, बाई?" मी विचारलं.

"बिननावाचा मृत्यूचा कागद कधी पाहिलास, डोनका? लोक म्हणतील, याला घरचं कोणी नाही."

आम्ही सकाळी आठला निघालो, सगळे कामाला जातात त्या वेळेला. तिने काळा रुमाल बांधला होता, मलाही बांधायला लावला. तिचं म्हणणं असं की अंधारात जाऊन चिकटवलं तर ते चोरी दिसेल. उजेडात चिकटवलं की दुःख. मी डिंकाचं डबडं धरलं. पहिला कागद बाजाराच्या खांबावर, दुसरा बेकरीच्या दारावर, असं करत शेवटचा नगरपालिकेच्या समोरच्या बसथांब्यावर. आम्हाला कोणी अडवलं नाही. काळ्या रुमालातल्या दोन बायका आणि डिंक, हे आमच्या गावात रोजचंच. एका म्हाताऱ्याने टोपीसुद्धा काढली, मग जवळ जाऊन वाचलं, आणि टोपी काढलेलीच ठेवली.

बसथांब्यावर नेदाने पिशवीतून उकडलेले गहू काढले, वर पिठीसाखर, कागदाच्या लहान कपांत घातलेले. "पुयकोवच्या नावाने घ्या," असं म्हणत तिने वाटायला सुरुवात केली. आता गेलेल्याच्या नावाने दिलेलं कोणी नाकारत नाही, आणि घेतलं की जे म्हणायचं असतं ते तोंडातून आपोआप येतं. टपाल कचेरीतली बाई म्हणाली, "देव त्याला क्षमा करो." पाठोपाठ बसचा ड्रायव्हर म्हणाला, मग रांगेतले सगळे. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकायला मला बरं वाटलं.

दुपारपर्यंत शाळेच्या एका मास्तरांच्या लक्षात आलं की बाजारापासून थांब्यापर्यंत ओळीने चालत गेलं तर पुयकोवची चोच उघडत जाते. मग लोक चालायला लागले, बाजारापासून थांब्यापर्यंत आणि पुन्हा पहिल्यापासून. काही जण तर पळत होते, म्हणजे तो नीट बोलताना दिसावा.

चार वाजता पोलीस आला. कोस्तादिन, आमच्याच गल्लीतला. हातात खरवडणी. त्याने बाराही कागद काढले, पण डिंक नेदाने लावलेला होता, त्यामुळे त्याला सात वाजले. लोक थांबून बघत राहिले. एका बाईने त्याला गहू देऊ केले, त्याने घेतले, आणि सवयीने तो म्हणायचं ते म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी गेंचेवने कागदांतला एक टेबलावर पसरला होता. हे तुझं का, असं त्याने विचारलं. नाव खाली होतंच.

"घरातलं माणूस गेलं की घरच्यांनी लावायचं असतं," नेदा म्हणाली. "तुम्ही लावलं नाहीत, म्हणून मी लावलं."

तिची बदली खेळण्यांच्या कारखान्यात झाली. तिथे तिने रबरी बदकांना डोळे काढायचे, दिवसाला सहाशे. रविवारी ती माझ्याकडे यायची तेव्हा सांगायची की ती बदकं एकाच दिशेला बघतात असा नियम आहे, आणि तिने अजून तरी तो मोडलेला नाही. अजून तरी, हे ती जरा सावकाश म्हणायची.

सहा महिने झाले तेव्हा नेदाने पुन्हा कागद केले. या वेळी ताव नव्हते, तिने आठवणीने काढलं. रविवारी सकाळी काळे रुमाल बांधून आम्ही बाजारात गेलो. मी डबड्याचं झाकण उघडलं आणि नेदाने माझा हात धरला.

खांबावर कागद आधीच होता.

तिचा नव्हता. पुयकोव कोणीतरी फार वाईट काढला होता, बदकासारखा दिसत होता. खाली लिहिलं होतं, सहा महिने झाले, आम्ही विसरलो नाही. आणि त्याखाली नावं, पूर्ण, आडनावासकट, एकाखाली एक. टपाल कचेरीतली बाई, तो मास्तर, बसचा ड्रायव्हर. मी सावकाश वाचते, मला चौदा मोजायला वेळ लागला.

कोस्तादिन खरवडणी घेऊन खांबाशी उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. कागदाचा एक कोपरासुद्धा उचललेला नव्हता.

"काय रे, काढ की," नेदा म्हणाली.

"पाचव्या ओळीत माझी आई आहे," तो म्हणाला. "मला दुपारी जेवायला घरी जायचंय, नेदाकाकू."

नेदाने पिशवीतून पेन्सिल काढली. कोस्तादिनने ते पाहिलं, सिगारेट पेटवली आणि आमच्याकडे पाठ करून नदीकडे बघत उभा राहिला. चौदाव्या नावाखाली तिने आपलं नाव घातलं. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. मी खाली डोनका हे आधी लिहिलं, मग आडनाव. लिहायला मला वेळ लागतो. त्याने तेवढ्या वेळात दुसरी सिगारेट पेटवली.