खोडरबर

बाबा गेल्यावर पहिल्यांदाच कुणकेश्वरच्या घरी आलो आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडला. गंजाचा खारट वास आला आणि मी बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलो होतो तेव्हाच्या एका दुपारी जाऊन पोचलो. खाऱ्या वाऱ्याने रॅमची पट्टी काळवंडली की कॉम्प्युटर चालू न होता नुसता बीप-बीप करायचा. मी पट्टी खोडरबराने घासत होतो, बाबा बॅटरीचा उजेड धरून वाकले होते.

"माका दाखय रे. तू बोटीर गेल्यार कोण करतलो?"

"तुमका जमाचा नाय," मी मान वर न करता म्हणालो.

त्या कॉम्प्युटरवर येणारे माझे व्हिडिओ कॉल पुढे सणासुदीपुरते उरले.

आज पट्टी काढली. आतलं बाकी सगळं गंजलेलं, ती मात्र लखलखीत. शेजारीच खोडरबर होता, घासून घासून शेंगदाण्याएवढा झालेला.