गिरीशच्या उजव्या हाताचा वास

आधीच सांगते — भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. उलट ते मानणाऱ्यांना समजावण्यातच माझा दिवस जातो. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर माझं छोटं क्लिनिक आहे. अकरा वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. नावं अर्थातच बदलली आहेत.

एप्रिलमधली दुपार. गिरीश बायकोला, सविताला, घेऊन आला होता. तिला बाहेर बसवून आधी तो एकटाच आत आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. त्याने उजव्या हाताने फाइल माझ्यापुढे सरकवली आणि मला वास आला. कपाटामागे मरून आठ दिवस झालेल्या उंदरासारखा... आणि त्यावर कुणीतरी गुलाबपाणी शिंपडल्यासारखा गोडसरपणा. तो गोडवा तर जास्तच किळसवाणा होता. 

मी रिसेप्शनवरच्या कमलताईंना हाक मारली. "बाथरूमचा वास येतोय का बघा हो."

"न्हाय की मॅडम, आत्ताच फिनेल मारलंय."

गिरीश सांगत होता. "मी हात लावलेलं सविता खात नाही, मी जवळ आलो की ओकाऱ्या काढते. मी मुलीचा हात धरला तर तो साबणाने घासून घासून लाल करते. शेजारी हसतात. ती नॉर्मल नाही, एवढं लेखी द्या मॅडम."

मग सविता आत आली. माहेर मोडनिंबचं. पदर नाकाला लावलेला.

"मॅडम, त्यांच्या उजव्या हाताला वास येतो. फकस्त उजव्या. मेलेला उंदीर... आन् वरनं गुलाबपाणी मारल्यावानी."

माझ्या हातातलं पेन थांबलं. मी तिला वासाबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

"काही केलंय का त्यांनी? मारतात?"

"न्हाय हो. माणूस लई चांगलाय. म्हणून तर वाटतं, मीच बिघडले."

एखादं वागणं अपसामान्य आहे की नाही हे ठरवताना आम्ही काय पाहतो? ते चारचौघांपेक्षा वेगळं आहे का, त्या माणसाला त्याचा त्रास होतो का, रोजची कामं अडतात का, कुणाला धोका आहे का. सविताच्या बाबतीत चारही ठिकाणी मी बरोबरची खूण केली. मुलीचा घासून लाल झालेला हात हा धोकाच होता. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, मेंदूचा स्कॅन झाला, सगळं नीट. मी लिहून दिलं : वासाचा भ्रम. मला स्वतःला तो वास आला होता, हे लिहायला त्या फॉर्ममध्ये जागा नव्हती... खरं म्हणजे मला लिहायचंच नव्हतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. सविता सुस्तावली, पण वास गेला नाही.

तिसऱ्या भेटीत गिरीशने घरची शेंगाचटणी आणली. "आईनं केलीय, चाखून बघा," म्हणत त्याने डबा उघडून चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं माझ्या हाताला लागली आणि तो वास नाकात नाही, थेट तोंडात उतरला. मी धावत बेसिन गाठलं आणि भडाभडा ओकले.

तोंड पुसून वळले तर सविता दारात उभी. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाला पण आला ना?"

गिरीश आपल्या हाताकडे बघत होता.

मी म्हणाले, "नाही गं. पित्त झालंय."

त्या ओकारीपेक्षा मला त्या वाक्याची जास्त किळस येते.  सविताने पदर नाकावरून खाली घेतला, जणू आता त्याचाही काही उपयोग नव्हता. तीन दिवस मी उजव्या हाताने जेवू शकले नाही.

माझ्याच कागदाच्या जोरावर सासरच्यांनी मुलीला ठेवून घेतलं आणि सविताला माहेरी धाडलं. दोन महिने मी गप्प राहिले. मग एका रविवारी मोडनिंबला गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"आला होता," मी म्हणाले. "पहिल्याच दिवशी. तू आत यायच्या आधी."

तिने हातातला ओला टॉवेल पिळला. मग म्हणाली, "मग कागदावर तसं का न्हाय लिवलं?"

 परत येऊन मी आधीचा रिपोर्ट मागे घेतला, आणि मला काय जाणवलं ते तारखेसकट लिहून दिलं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी वाचून विचारलं, "तू जरा सुट्टी घेतेस का?" पण तो आधीचा रिपोर्ट मागे घेतल्यामुळे सासरच्यांना मुलगी ठेवून घेता आली नाही, ती आता सविताकडे आहे. गोळ्या बंद आहेत. तिला दुसऱ्या कशाचाच असला वास कधी आलेला नाही.

मागच्या महिन्यात गिरीश भाजी बाजारात भेटला. खूप वाळलाय. त्याने सगळ्या तपासण्या करून घेतल्यात. त्वचेला काही नाही, रक्तात काही नाही. भर गर्दीत त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. "मॅडम, आता तरी खरं सांगा. येतो का?"

वास नव्हता. खरंच नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग हातात हात द्या की," तो म्हणाला.

हे नेमकं काय होतं, मला आजही सांगता येत नाही. माझी पुस्तकं काढून बसले, सहकाऱ्यांशी बोलले, काही हाती लागलं नाही. एवढंच सांगू शकते की त्याचा हात तसाच पुढे होता, आणि मी भाजीची पिशवी दोन्ही हातांत धरून तिथून निघून आले.