मोहाखाली थांबलेली गाडी

पाय माझा चुकला की गाडी, हे ठरवायला मी जव्हारच्या एका गॅरेजात बसले होते आणि गाडीच दोषी निघू दे म्हणून देवाला साकडं घालत होते.

चार दिवसांपूर्वीची गोष्ट. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी शिक्षिका आहे. माझी वीस-पंचवीस वर्षांची पेट्रोल गाडी घेऊन रोज जाते. त्या सकाळी शाळेच्या आवारातल्या मोहाच्या झाडाखाली गाडी लावायला मी ती पहिल्या गिअरमध्ये, एक्सलेटरला पाय न लावता, नेहमीसारखी पुढे घेत होते. दुसरीतली एक मुलगी वाकून मोहाची फुलं वेचत होती. गाडी हळू होईना. कोणी मागून ढकलावं तशी सरकतच राहिली. मी ब्रेक दाबला, इंजिन गुरगुरलं आणि मुलीची टोपली चेपून गाडी थांबली. मुलगी वीतभर लांब होती.

मी खाली उतरले आणि तिच्यावरच ओरडले. "डोळे आहेत की नाहीत तुला? गाडी दिसत नाही?" तोंड सुटलं होतं. माझा स्वभावच मेला तसा. ती चेपलेली टोपली उचलून पळाली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही.

"चुकून एक्सलेटर दाबला असशील," घरी नवरा म्हणाला. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. पण जेवताना, वह्या तपासताना डोक्यात एकच. उजवा पाय नेमका कुठे होता? कितीही आठवलं तरी पक्कं ठरेना. चारही रात्री धड झोप नव्हती.

"उभ्या उभ्या रेस होतेय ही," गाडी चालू करताच गॅरेजातला मेकॅनिक म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याने एक्सलेटरची केबल पाहिली, ती मोकळी होती. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं तो डॉक्टरसारखं इंजिनावर फिरवू लागला. एका जागी थांबला. "ऐका." मी कान लावला. बारीक सूं-सूं ऐकू आलं. एक पाइप तडकला होता आणि तिथून हवा आत खेचली जात होती. त्याने फटीवर बोट दाबलं तसं इंजिन थोडं उतरलं.

"म्हणजे चूक गाडीचीच ना?" मी घाईने विचारलं.

"थांबा, अजून आहे काहीतरी." पाइप बदलला तरी इंजिन जोरातच होतं. त्याने टॉर्च मारून कार्बोरेटरवरचा, इंजिनाचा वेग ठरवणारा एक छोटा स्क्रू दाखवला. "हा कोणी आवळला, मॅडम? चांगला दोन फेरे आवळलाय."

गेल्या पावसाळ्यात घाटातल्या चढावर गाडी सारखी बंद पडायची. मागचे जीपवाले हॉर्न वाजवायचे, बाई चालवतेय म्हणून हसायचे. वैतागून एका रविवारी नवऱ्याच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच तो स्क्रू आवळला होता. गाडी बंद पडेनाशी झाली. केवढा पराक्रम केला म्हणून मी मनात खूश होते. उतारावर ती आपोआप ओढ घ्यायची, ते मला कळत होतं. पण हॉर्न वाजत नव्हते ना, मग मी गप्प बसले.

"मीच," मी म्हणाले.

त्याने उपदेश केला नाही, नुसता स्क्रू सैल केला. इंजिन इतकं शांत झालं की मला वाटलं बंदच पडलं.

घरी न जाता मी तशीच पाड्यावर गेले. चढावर गाडी बंद पडली, मागच्या जीपने हॉर्न वाजवला. वाजू दिला.

मुलगी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला पाहताच उठली आणि कुडाच्या भिंतीला चिकटून उभी राहिली. "शाळेत जा सांगते तर जात नाय," तिची आई म्हणाली. "मीच मॅडमच्या गाडीला आडवी आले, मॅडम मारतील, बोलते."

मी तिच्यासमोर खाली बसले. "तू आडवी नव्हती आलीस. गाडी मीच बिघडवली होती. आणि वर तुलाच ओरडले."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मंग उद्या मोहाखाली येऊ?"

"ये," मी म्हणाले. "गाडी मी बाहेर रस्त्यावर लावीन."