राजपुत्राचा टॉवेल

नववीत असताना मी एक जादूची कादंबरी लिहायला घेतली. नव्वदच्या दशकातलं सुरत, बमरोलीतली आमची एक खोली, बाहेर दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट, आणि माझ्या चोपड्यात उडता घोडा, राक्षस, राजपुत्र असा सगळा लवाजमा. ऐकणारी एकटी आई. ती सकाळी शहरातल्या एका बंगल्यात धुणीभांडी करायची आणि दुपारी घरी साड्यांना लेस लावत बसायची. हात गुंतलेले, त्यामुळे तिला पळून जायची सोय नव्हती.

पण आई भारी खडूस. जादूबद्दल तिची काही तक्रार नसायची. घोडा उडाला, उडू दे. "तेनी लीद कोन काढस?" हे मात्र ती तिच्या अहिराणीत विचारणारच. माझ्या राक्षसाला एक म्हातारी भाकरी करून घालायची. त्याने एकदा तिला "आजी, तू जेवलीस का?" असं विचारलं. मी ते निव्वळ पान भरायला लिहिलं होतं. आई लगेच फितूर झाली. "राक्षस चांगला शे," म्हणाली. "तेले मारू नको."

मारू नको म्हणजे काय? राजपुत्राने मग करायचं काय? आणि राजपुत्र तर आईला आवडायलाच हवा होता, कारण मला तो फार आवडत होता. खरं सांगायचं तर तो बंगल्यातला मुलगा होता. दिवाळीच्या साफसफाईला मी आईबरोबर गेले, तेव्हा तो अंघोळ करून आला, मागे न बघता ओला टॉवेल खांद्यावरून फेकला आणि शीळ घालत निघून गेला. काय ती ऐट! मी तिथेच खलास. ती ऐट मी राजपुत्राला जशीच्या तशी दिली, फक्त टॉवेल रेशमी केला, आणि मोठ्या झोकात वाचून दाखवली.

आईची सुई थांबली. "टॉवेल कोन उचलस?"

"दासी."

"तिनं नाव काय?"

"दासीला कसलं आलंय नाव!"

आई चिडली नाही. साडी मांडीवर ठेवून म्हणाली, "बंगलामा सहा वरीस व्हयनात. तठे मनं नाव कोनले माहीत नहीं. तू तरी लिख."

तेव्हा कुठे मला आठवलं, की त्या दिवशी तो टॉवेल आईनेच उचलला होता, माझ्यासमोर वाकून. मी ते पाहिलं होतं, तरी मला फक्त फेकणाराच दिसला होता. मला भयंकर लाज वाटली. मी 'दासी' खोडून तिथे आईचं नाव लिहिलं आणि ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. त्या नावासमोर पडलेला टॉवेल काही केल्या बघवेना. शेवटी राजपुत्राला मागे वळवलं, वाकायला लावलं, आणि टॉवेल त्याच्याच हाताने दोरीवर वाळत घातला.

"आते वाच," आई म्हणाली.