मी माझ्या मर्जीनं राहते

"सांग गं, ही किती बोटं?"

चाळमालकाचा मुलगा माझ्या नाकासमोर हात धरून उभा होता. भर दुपारी, गॅलरीत, सगळ्या बिऱ्हाडांसमोर. हा वकील. राहायचा ठाकूरद्वारला. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कधी पाऊल टाकायचा नाही. त्या दिवशी हवालदार घेऊन आला.

बोटं चार होती. मला दिसत होती. चौथी पास आहे मी. पण नवरा जाऊन महिना झाला नव्हता, आणि हा मला बिगरीतल्या पोरीसारखी बोटं मोजायला लावत होता. मी तोंड उघडलं नाही.

"बघा हवालदार. साधी बोटं मोजता येत नाहीत."

मागे कोणी तरी हसलं. शेजारणींपैकीच कोण, ते मला माहीत आहे. हवालदारानं माझाच पदर ओढला आणि त्याच पदरानं माझे हात बांधले. पदराविना, नुसत्या चोळीवर मला तीन जिने उतरवलं. खाली पोरं गोळा झाली. "येडी चालली, येडी चालली."

आता मी वेडी कशी झाले ते सांगते.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. पोलिसांची गाडी रस्त्यात शिरली की आम्ही बायका गॅलरीत येऊन थाळ्या बडवायचो. खालच्या माणसांना कळावं, त्यांनी पळावं म्हणून. आमचे हे पाळी संपवून मिलमधून घरी येत होते. घोषणा दिली नाही, दगड उचलला नाही. करी रोडच्या वळणावर मानेत पोलिसांची गोळी लागली. घरी आणलं तेव्हा जेवणाचा डबा हातातच होता. बोटं सोडवावी लागली.

त्यानंतर मी थाळी खाली ठेवली नाही. पोलीस आले तरी थाळी, टॅक्सी दिसली तरी थाळी. झोप गेली, अन्न गेलं. माझी पोरगी रडून रडून गप्प झाली तरी मला कळलं नाही. शेजारची शेवंताकाकी तिला आपल्या खोलीत घेऊन गेली. मला बरं नव्हतं, हे मी नाकारत नाही. पण सगळ्या जणी बडवत होत्या तेव्हा ती चळवळ होती. मी एकटी उरले तेव्हा ते वेड झालं.

आणि खोली ह्यांच्या नावावर होती. नवरा मेलेला, बायको वेडी. कोर्टानं तसा हुकूम काढला की मला खाडीपलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, खोली रिकामी होईल, नव्या भाडेकरूकडून पगडीची रोख रक्कम मिळेल. वकिलाचा हिशोब सरळ होता.

कोर्टात मॅजिस्ट्रेटनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वकील इंग्रजीत बोलत राहिला. डॉक्टरांनी तपासून कळवावं, मग हुकूम काढू, असं ठरलं. मला परळच्या एका दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टरीणबाई होत्या. तोंड कारल्यासारखं.

"बस," म्हणाल्या. "थाळी का वाजवतेस?"

"गाडी येते."

"आत्ता येतेय?"

"नाही."

"मग हात का हलतोय?"

मी खाली बघितलं. उजवा हात मांडीवर थाप देत होता. आपोआप. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

बाई म्हणाल्या, "ऐक. मी कोर्टाला वेडी म्हणून लिहिलं तर तुला खाडीपलीकडे पाठवतील. कधी सोडायचं ते तुझ्या हातात नसेल. नाही तर तू स्वतः लिहून दे, की मी माझ्या मर्जीनं थोडे दिवस इथे उपचाराला राहते. मग हुकमाची गरज नाही असं मी कळवते. जायचं म्हणालीस की जाशील."

दाराशी वकील उभा होताच. "डॉक्टर, तिला काय विचारता? तिला कळतंय का काही?"

"तुम्ही बाहेर थांबा," बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "दया करत नाही हां मी. बरी होणारी बाई तिकडे सडवायची म्हणजे मूर्खपणा."

नवरा मेल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. हलवलं, बांधलं, ओढलं. आता विचारलं. मी टाक उचलला. पूर्ण नाव लिहिलं, ह्यांच्या नावासकट.

वॉर्ड काही माहेर नव्हता. खिडक्यांना जाळ्या. आया हिडीसफिडीस करायची. औषधाला असा वास की आतडी वर यावीत. पण झोप आली. मेल्यासारखी झोपले, उठून भात मागितला, आणि मग ओरडून ओरडून रडले. हात हळूहळू थांबला. मी जाते म्हणाले. बाईंनी तपासलं आणि जाऊ दिलं.

चाळीत आले तर दाराला मालकाचं कुलूप. माझी भांडी गॅलरीत पडलेली. शेवंताकाकी पोरीला कडेवर घेऊन आली.

"गो बाये, गावाक जा आता. ह्येंच्याशी कोण झगडतला?"

"काकी, तुझा वरवंटा दे."

चार घावांत कुलूप तुटलं. संध्याकाळी वकील धावत आला. "बघा, बघा! परत वेड लागलं हिला!"

"मी वेडी असल्याचा कोर्टाचा कागद दाखवा, वकीलसाहेब."

तो खिसे चाचपू लागला.

"नाही ना? मग मी शहाणी आहे. शहाण्या बाईच्या घराला तुम्ही कुलूप ठोकलंत. बोलवा हवालदाराला. नाही तर मी बोलावते."

जिना उतरताना त्याचा पाय घसरला. मी हसले. खाली रस्त्यावर ऐकू जाईल असं हसले.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी हाच वकील पेढे वाटत आला. डोक्यावर टोपी, कपाळाला गुलाल. चळवळ जशी काही ह्याच्याच बापानं केली.

"घे ताई. तुझ्या यजमानांचं रक्त कारणी लागलं. झालं गेलं विसर."

"विसरायला मी वेडी आहे का?" म्हटलं आणि दार लावलं.

आता त्याचे नातू येतात. चाळ पाडून टॉवर बांधायचाय. आजी आजी करतात, सही मागतात. खोली मी मुलीच्या नावावर करून ठेवली आहे. तिला सांगितलंय, छप्पर डोक्यावर पडलं तरी चालेल, या घराण्याला सही द्यायची नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही. मरतानाही करणार नाही.